लेकीच्या दारात थांबणारी रेंगी

मित्रांनो, गोठ्यामागच्या चिंचेखाली जे मोडकं लाकूड पडलेलं दिसतं, त्याला सरपण समजून तुम्ही खुशाल पुढे निघून जाल. कोंबड्या माझ्यावर बसतात, शेळी माझा बांबूचा तट्टा कुरतडते आणि मी निमूट सोसते. पण एवढं ऐकून घ्या, मी एक जुनी रेंगी आहे. रेंगी म्हणजे माणसांनी बसायची हलकी बैलगाडी. धानाची पोती वाहते ती बंडी. तिची आणि माझी गल्लत केलेली मला या वयातही खपत नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी, पोळा होऊन गेल्यावर माझा जन्म झाला. सालेकशाच्या जंगलाला लागून आमचं गाव. तिथला कवडू सुतार हाताचा सावकाश, पण कामाचा पक्का. त्याने माझ्या चाकांसाठी तिवसाचं लाकूड निवडलं, आरे ठोकले, आणि लोहाराने लोखंडी धाव लालभडक तापवून चाकावर चढवली. तेव्हा असा धूर उठला की जमलेली पोरं ओरडत पळाली. मालक दुधराम मात्र जागचा हलला नाही. घरात मूल जन्मावं तसा तो माझ्याकडे बघत होता.

घरी चांगली बंडी असताना त्याला माझी गरज का पडली, हे सांगितलंच पाहिजे. त्या उन्हाळ्यात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, शामकलेचं लग्न झालं होतं. देवकाबाईची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. उतारवयाला लागता लागता ही एक पोर जगली आणि तीही मोहटोल्याला दिली गेली, देवरीच्या वाटेवर, दगडधोंड्यांच्या रस्त्याने.

"बंडीत बसून जाऊ तं लेकीच्या घरी माही हाडंच पोचतीन," देवकाबाई म्हणाली.

दुधराम हसला आणि दुसऱ्याच दिवशी कवडूकडे गेला. म्हणजे मी जन्मले ती शामकलेसाठी. तिच्या दारात जाऊन उभं राहायचं, हेच माझं काम होतं.

या दोघांचं वर्षभराचं जगणं फार साधं होतं. सकाळी पेज, दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, रात्री उरलं असेल ते. चहा करायचा तो पाहुणा आला तर. देवकाबाई दोन जुनी लुगडी जोडून एक नेसायची. दुधराम अर्धी विडी ओढून विझवायचा आणि उरलेली कानावर ठेवायचा. पण दिवाळी आली की या दोन म्हाताऱ्यांच्या अंगात काय संचारायचं कोण जाणे! गायगोधनाच्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, बैलांची शिंगं रंगायची, नव्या तांदळाची खिचडी आधी गुरांच्या तोंडी जायची, आणि माझ्या चाकांना देवकाबाई स्वतःच्या हाताने गेरू लावायची. मग लागायचा मंड्यांचा सपाटा.

आमच्या भागात दिवाळी सरली की गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गाव आपला आपला दिवस धरतं, म्हणजे सोयऱ्याधायऱ्यांना सगळीकडे जाता येतं. दुकानं लागतात, भरदिवसा दंडारीचे नाच-तमाशे रंगतात, सोयरिकी तिथेच जुळतात आणि तिथेच बिनसतात. लाल्या आणि बादशा हे आमचे बैल. त्यांना जुंपून हे नवराबायको आज या गावाला, उद्या त्या गावाला निघायचे. वर्षभर जिभेला घातलेला लगाम तिथे सुटायचा.

देवकाबाईचा जीव उकडलेल्या शिंगाड्यांवर. तळ्यातले ते काळे काटेरी शिंगाडे ती ओटीत घेऊन बसायची आणि टरफलं माझ्या तट्ट्यावर टाकत राहायची.

"एवढे खाऊन पोट दुखन ना व," दुधराम म्हणायचा.

"दुखलं तं माहं दुखन. तुमी तुमचं पान चाबलत बसा."

त्याच्या गालात पान असायचंच. शिवाय भजी आणि गरम जिलबी, वर साखर घालून घालून घट्ट केलेला चहा. गोंदियाहून लाकडी पाळणा आला असेल तर देवकाबाई त्यात बसल्याशिवाय परत फिरायची नाही. वर गेली की ती खाली हाका मारायची. दुधराम खाली उभा राहून डोळे गच्च मिटून घ्यायचा. तिला उतरवून घेतल्यावर मात्र तो म्हणायचा, "भेली नाहीस ना?" मला त्या दोघांची फार गंमत वाटायची.

या सगळ्या मंड्या म्हणजे तयारी असायची. शेवटची मंडई मोहटोल्याची, लेकीच्या गावची.

पहिल्या वर्षी मी तिच्या दारात थांबले तेव्हा शामकला उंबऱ्यातून धावत आली. तिने दोघांचे पाय धुतले आणि ओसरीवर दोन पाट मांडून ताटं वाढली. दाराशी तिचा नवरा खेमराज उभा होता, मोठा लाजाळू माणूस. मागे त्याची आई सुशीलाबाई.

"बाबा, माय, चला जेवाले," शामकला म्हणाली.

दुधराम मोठ्याने हसला. "अव बाई, लेकीच्या घरचं पानी तरी पितेत का मायबाप? तुह्या मांडीवर लेकरू दिसू दे, मंग बसतो पंगतीत."

सगळे हसले. शामकलेने तोंडाला पदर लावला. रीत जुनीच होती. लेकीचं दान केलं, आता तिला मूल होईपर्यंत तिच्या घरचा घास घ्यायचा नाही. दोघांनी समोरच्या आंब्याखाली माझ्यात बसून घरून आणलेली शिदोरी सोडली. तांदळाच्या भाकरी, लाखोरीचे वडे आणि गावातल्या विहिरीचं पाणी. शामकला जवळ उभी राहून त्यांना जेवताना बघत होती. त्या वर्षी कोणालाच त्यात वाईट वाटलं नाही. मलाही नाही.

दुसऱ्या वर्षी दुधरामने तेच म्हटलं, तिसऱ्या वर्षीही तेच. मित्रांनो, एखादी थट्टा पहिल्यांदा गोड लागते. पुढे पुढे शामकलेच्या तोंडावर पदर जायचा तो हसू लपवायला जात नव्हता. तिची कूस उजवत नव्हती. उपास झाले, नवस झाले, झाडपाल्याचे काढे झाले. आणि दर मंडईला, अख्खं गाव आणि चार गावचे सोयरे रस्त्यावर असताना, तिच्या ओसरीवर वाढलेली दोन ताटं तशीच पडून राहायची. ती वाढायची थांबली नाही. ताटांवर ताटं झाकून ठेवायची आणि संध्याकाळी गाईपुढे नेऊन ओतायची.

मी दारासमोरच उभी असायचे, त्यामुळे मला घरातलं बोलणं ऐकू यायचं. एकदा सुशीलाबाई शेजारणीला म्हणाली, "पाहा ना, सख्खा बापही ताटाले हात लावत नाही. त्यालेही मालूम आहे ना घरात काय कमी आहे ते." शामकला तिथेच बसून भांडी घासत होती. तिचा हात थांबला आणि परत चालू लागला.

देवकाबाईनेही ते ऐकलं होतं. परतताना जंगलाची वाट लागली तशी ती बोलली.

"अजी, तिची सासू काय बोलत होती आयकलं का?"

"आयकलं."

"मंग?"

"मंग काय? रीत आहे."

"रीत आपल्या पुन्यासाठी आहे का तिले मारासाठी?"

दुधरामने बैलांच्या शेपट्या पिळल्या. खरं कारण वेगळं होतं, ते त्याने नाइलाजाने सांगितलं. गावातला बकाराम एकदा भुकेला होता म्हणून लेकीच्या घरी जेवला. तेव्हा दुधरामनेच चावडीवर त्याला 'भातखाऊ' म्हटलं होतं. ते नाव असं चिकटलं की बकारामच्या पोरांनाही लोक भातखाऊची पोरं म्हणू लागले.

"आता मीच जेवू? आन कोन्या तोंडानं चावडीवर बसू?"

"बसू नोका. घरी बसा."

  तो पान थुंकला आणि त्याने बैल पिटाळले. मला तेव्हा त्याचा राग आला. रेंगीला राग येऊन उपयोग काय, जिकडे कासरा ओढतील तिकडे चाक फिरणार.

मग एका वर्षी देवकाबाईने मनाशी काहीतरी ठरवलं. घरून निघतानाच तिने शिदोरी कमी बांधली, एकट्यापुरती. मोहटोल्याला पोचल्यावर ती कोणाला न विचारता उतरली, ओसरीवर चढली आणि पाटावर जाऊन बसली. शामकला आधी बघतच राहिली. मग ती आत धावली आणि ताट घेऊन आली. नव्या तांदळाचा भात होता, वाफाळलेला. देवकाबाईने हात धुतले. सुशीलाबाई दारात येऊन उभी राहिली.

रस्त्याने त्याच वेळी आमच्याच गावची माणसं चालली होती, चावडीवरचीच. त्यांनी दुधरामला राम राम केला आणि ओसरीकडे पाहिलं.

दुधराम खाकरला. "अव शामकलेची माय! चाल, बैल जुतले."

बैल जुंपलेले नव्हते. लाल्या आंब्याखाली रवंथ करत बसला होता. देवकाबाईचा हात भातापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं, रस्त्यावरच्या माणसांकडे पाहिलं. आयुष्यभर त्याचा शब्द चारचौघांत खाली पडू दिला नव्हता तिने. ती उठली. तेवढी एक वेळ ती उठली नसती तर! अजूनही माझं मन तिथे अडकतं.

 शामकलेने ताट झाकलं. आम्ही निघताना तिने एक फडकं बांधून माझ्यात अंथरलेल्या भाताच्या तणसाखाली सरकवलं आणि आईच्या पायावर डोकं ठेवलं, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

वाटेत देवकाबाईला ते गाठोडं सापडलं. त्यात अनारसे होते. तांदूळ भिजत घालायचा, वाळवायचा, कांडायचा, गुळात मुरवायचा, एवढा खटाटोप करून केलेले, खसखस लावलेले, जाळीदार. दुधरामने गाडी थांबवली.

"हेही तिच्याच घरचं होय," तो म्हणाला.

"मंग फेका. पाहा, फेकाले हात होते का."

त्याचा हात झाला नाही. शेतकऱ्याला अन्न फेकता येत नाही. तो खाली उतरला आणि एकेक अनारसा मोडून त्याने लाल्या आणि बादशाला चारला. बैलांना कोणी भातखाऊ म्हणत नाही. त्यांनी मिटक्या मारत खाल्लं आणि त्याचा हातही चाटला. देवकाबाई तोंड फिरवून जंगलाकडे बघत होती. एक तुकडा तिने तोंडात टाकावा असं मला फार वाटलं. पण ती वळली नाही, आणि लवकरच फडकं रिकामं झालं.

पुढच्या पावसाळ्यात मोहटोल्याहून माणूस आला. शामकलेला ताप चढला होता, उतरत नव्हता. दुधरामने तशा पावसात मला जुंपलं. नाला भरून वाहत होता, माझी चाकं कण्यापर्यंत चिखलात जात होती. बादशा दोनदा गुडघ्यावर बसला. दुधराम त्याला मारत नव्हता, त्याच्या पाया पडत होता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात माणसं तिरडी बांधत होती.

खेमराज बाहेर आला. त्याने येऊन माझ्या चाकाला धरलं.

"तापात बरळून राहिली होती जी," तो म्हणाला. "तांदूळ भिजवा म्हणे. माय-बाबा येतीन म्हणे."

देवकाबाई माझ्यातून उतरलीच नाही, तिला उतरवावं लागलं.

त्या दिवाळीत आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. चावडीवर त्याचीच चर्चा चालली होती म्हणतात. दुधराम चावडीवर नव्हता. माझ्या चाकांना गेरू लागला नाही, शिंगाडे आले नाहीत, कोणत्याच गावच्या मंडईला आम्ही गेलो नाही. गायगोधनाच्या दिवशी खिचडी तेवढी शिजली, कारण गुरांना सुतक सांगता येत नाही. दोघे सकाळी पेज प्यायचे आणि दिवसभर घराच्या दोन टोकांना बसायचे. पुढचं वर्षही तसंच गेलं.

त्यानंतरच्या साली खेमराज स्वतः बोलवायला आला. त्याने दुसरं लग्न केलं होतं, घर चालवायला ते भागच होतं. आमच्याकडे दुसरेपणाची बायको पहिलीच्या मायबापाला आपले मायबाप मानते. "प्रेमिला वाट पाहून राहिली जी," तो म्हणाला. "एक डाव या." देवकाबाई नको म्हणाली. दुधरामने मात्र मला धुतलं, कण्याला वंगण घातलं आणि जुंपलं. का, ते त्याने सांगितलं नाही. तीही मग शेवटी मुकाट्याने येऊन बसली.

मोहटोल्याची मंडई नेहमीसारखीच भरली होती. दंडारीचा ढोल वाजत होता. मी त्या ओळखीच्या आंब्याखाली थांबले. दारातून प्रेमिला आली, हसऱ्या चेहऱ्याची, आणि तिच्या कडेवर काही महिन्यांचं बाळ होतं.

"बाबा, माय, उतरा," ती म्हणाली. "आता तं नातू आहे तुमचा. आता रीत आडवी येत नाही ना?"

तिने हे अगदी साध्या मनाने म्हटलं. सुशीलाबाई आता वाकली होती. तिने स्वतः पाट मांडले आणि ती भिंतीशी जाऊन बसली. दुधराम उतरला, ओसरीवर गेला, आणि पाटावर बसला. गावातले लोक जात-येत होते, आमच्या गावचेही होते. त्याने कोणाकडे पाहिलं नाही.

देवकाबाई माझ्यातच बसून होती. प्रेमिला तिच्याजवळ आली. "माय, तुमी?"

"तू वाढ बाई त्यायले," देवकाबाई तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाली. "तुहा काही गुन्हा नाही. पर माह्या लेकीच्या हातचं मी खाल्लं नाही. आता तुह्या हातचं मले गोड कसं लागन?"

दुधरामने पहिला घास तोंडात घेतला. तो चावत राहिला, चावत राहिला, पण घास काही खाली उतरेना. प्रेमिलेने पाण्याचा गडवा पुढे केला. तो प्यायला. मग तो ताट घेऊन उठला. उष्ट्या हाताने, तसाच, ओसरी उतरून भरल्या मंडईतून चालत माझ्यापाशी आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने लोकांसमोर बायकोचं नाव घेतलं.

"देवका, एक घास घे व."

त्याने घास तिच्या तोंडापर्यंत नेला. देवकाबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. तिने तोंड दुसरीकडे वळवलं. दुधराम तसाच उभा राहिला. त्याच्या बोटांतून शितं खाली पडत होती, माझ्या चाकापाशी, धुळीत. ढोल वाजतच होता. बऱ्याच वेळाने खेमराजने येऊन त्याच्या हातातून ताट घेतलं.

त्यानंतर मी मोहटोल्याला गेले नाही. आता देवरीच्या रस्त्यावरून मोटारगाडी धावते. लाल्या म्हातारा होऊन गेला, बादशा विकला गेला. माझा एक आरा निखळला तो कोणी बसवला नाही. मग दुसरा निखळला आणि चाक बसलं. दुधराम आणि देवकाबाई अजून आहेत. दिवाळीत त्यांच्या घरी दिवा लागतो, पेज शिजते. तो जेवायला बसला की ती वाढते, आणि तो उठल्यावर ती जेवते. चावडीवर तो जात नाही. तिकडे कोणी त्याला काही म्हणतही नाही. बकाराम तेवढा कधीमधी येऊन त्याच्याजवळ बसतो.

मित्रांनो, माझ्याकडून फार शिकण्यासारखं नाही. निखळलेला पहिला आरा त्याच दिवशी बसवला असता तर मी आज चालले असते, एवढं लाकडाबद्दल मी सांगू शकते. माणसांबद्दल जे पाहिलं ते सांगते. सणावारी तुम्ही कोणाच्या तरी दारात जाल. तिथे कोणी पाट मांडून, ताट वाढून तुमची वाट बघत उभं असेल. तेव्हा रस्त्याने कोण चाललं आहे, ते बघत बसू नका. हात धुवा, खाली बसा आणि दोन घास खा. वाढणारी समोर उभी आहे तोवर खा.